ओब्राद दाजींचा पायगुण

माणूस कसा आहे, हे त्याच्या शेकोटीत काय जळतं त्यावरून कळतं. कपडे उसने आणता येतात, दात बसवून घेता येतात, पण आगीपुढे कुणाचं ढोंग चालत नाही. आग लाकडाची जात ओळखते आणि लाकूड माणसाची. हे माझे दाजी ओब्राद यांचं मत. ते त्यांनी मला पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा त्यांच्या शेकोटीत एका मोडक्या कपाटाचं दार जळत होतं आणि खोलीभर व्हार्निशचा वास सुटला होता.

"कपाट बीचच्या लाकडाचं होतं," दाजी म्हणाले.

त्यांच्याकडे जळण नव्हतं असं नाही. उलट आमच्या ग्राबोवाक गावात त्यांच्याइतकी देखणी थप्पी कुणाची नव्हती, आणि अडचण तीच होती. आमच्याकडे सरपण घरामागे लपवत नाहीत. रस्त्याकडच्या भिंतीला, पागोळीखाली, छातीएवढ्या उंचीची थप्पी लावतात; फोडलेलं तोंड रस्त्याकडे, साल वर. येणाराजाणारा बघतो आणि त्या घराविषयी जे काय ठरवायचं ते ठरवतो. नुसतं बीच असेल तर घर बऱ्यापैकी. बीच आणि मधे थोडा ओक असेल तर घराला पोच आहे. पॉप्लर दिसलं तर लोक तिथून जाताना आवाज खाली आणतात, घरात कुणी आजारी असल्यासारखा. मुलीकडची माणसं आधी थप्पी बघतात आणि मग मुलगा. दाजींची थप्पी इतकी रेखीव होती की तिच्यातला एक ढलपा उपसून जाळायचा त्यांना धीर होत नसे. म्हणून मग कपाटं.

शेजारी तिहोमीर. त्याच्या नावाचा अर्थ 'शांतता' असा काहीतरी होतो. आईबापांनी नाव ठेवताना घाई केली असावी. तिहोमीर बसवर कंडक्टर होता, निवृत्त झाला, आणि निवृत्तीच्या वर्षी त्याने बैठकीच्या खोलीत दगडी शेकोटी बांधून घेतली. शेकोटी उत्तम होती. धूर असा ओढायची की पाहुण्यांच्या टोप्या सांभाळाव्या लागत. तीत तो जाळायचा मात्र वाट्टेल ते. नदीकाठचं पॉप्लर, फळांच्या खोक्यांच्या फळ्या, एकदा तर म्हणे बसथांब्याचं बाकडं. दाजी हे बघायचे आणि गप्प बसायचे. भांडायला कारण लागतं, आणि शेजाऱ्याचा गलथानपणा हे कारण नाही, तो नुसता आनंद आहे.

कारण तिहोमीरनं दिलं.

आमचा नाताळ जानेवारीत येतो, बाकीच्या जगाचा उरकल्यावर. त्याच्या आदल्या दिवशी पहाटे घरातला कर्ता पुरुष रानात जातो, एक तरणा, सरळ ओक निवडतो, त्याला रामराम करतो, त्याच्यावर गहू उधळतो आणि मग त्याला तोडतो. त्या ओकाला बाद्न्याक म्हणतात. संध्याकाळी तो शेकोटीत ठेवायचा आणि सकाळपर्यंत विझू द्यायचा नाही. घराचं येतं वर्ष त्याच्यावर असतं.

दाजींनी असा एक ओक राखून ठेवला होता. त्यांच्या आलुबुखारांच्या बागेमागे, तिहोमीरच्या हद्दीला लागून, बांधावर. त्यांचा मुलगा रास्तको परदेशी, लिंझला, ट्रक चालवायला गेला तेव्हापासून ते त्या झाडाच्या खालच्या फांद्या छाटत होते, म्हणजे खोड सरळ चढेल. रास्तकोनं तिकडचीच बायको केली, उल्रिके, आणि त्यांना मुलगी झाली. त्या नाताळला ती तिघं पहिल्यांदाच येणार होती. नातीच्या पहिल्या नाताळला हाच ओक जळणार, असं दाजींनी सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं. तिहोमीरही गावातच राहत होता, हे तेव्हा त्यांच्या लक्षात आलं नाही.

पहाटे ते कुऱ्हाड घेऊन गेले आणि लगेच परत आले. कोट नीट, कुऱ्हाड कोरडी, खिशातले गहू खिशात. माझं घर समोरच. मी फाटकात उभा होतो.

"बुंधा आहे," दाजी म्हणाले. "भोवती गहू पडलेत. म्हणजे सगळं रीतसर केलं मेल्यानं."

आम्ही तिहोमीरच्या फाटकाशी गेलो. तो बर्फ लोटत होता आणि त्याच्या टोपीला ओकाचं वाळकं पान चिकटलं होतं.

"तिहोमीर, माझा ओक कुठाय?"

"कुठला ओक?"

"बांधावरचा."

"बांध कुठाय? बर्फ किती पडलाय बघ. मला तर माझा संडास सापडत नव्हता सकाळी."

"तुझ्या टोपीला पान आहे."

तिहोमीरनं टोपी काढली, पान बघितलं आणि टोपी परत घातली, पानासकट. "शेजारी, आज सगळ्या गावाच्या टोप्यांना पानं आहेत. ओक म्हणजे ओक. मी काय त्याला नाव विचारत बसलो?"

"म्हणजे तोडलास."

"तोडला कुठं म्हणालो? नाव विचारलं नाही म्हणालो."

तक्रार करायची सोय नव्हती. बाद्न्याकसाठी दुसऱ्याच्या रानातला ओक तोडला तर आमच्याकडे ती चोरी धरत नाहीत. पाद्रीबाबांनीही तेच सांगितलं, आणि वर म्हणाले, "सणाच्या दिवशी कसला हिशेब, ओब्राद? त्यानं तोडला काय, तू तोडला काय, जळणार तर देवासाठीच."

"जळणार त्याच्या शेकोटीत," दाजी म्हणाले.

मग घाईघाईत नदीकडच्या उतारावरून एक ओक आणला. वाकडा आणि पाण्यानं फुगलेला. ओला ओक शेकोटीत ठेवला की आधी रडतो, मग शिट्टी वाजवतो आणि मग धुराला लागतो. रास्तकोची मंडळी संध्याकाळी पोचली तेव्हा तो शिट्टीपर्यंत आला होता. जेवण सुरू झालं आणि धूर खाली उतरला. उल्रिकेनं एक खिडकी उघडली, मग दुसरी, मग दार. सगळे कोट घालून जेवले. बाळ खोकत राहिलं. नाताळच्या दिवशी दुपारी रास्तको बायकोमुलीला घेऊन जवळच्या वाल्येवो शहरात हॉटेलात राहायला गेला, कारण हॉटेलात रेडिएटर होते.

"पुढच्या वर्षी बघू, बाबा," जाताना तो म्हणाला.

दाजी फाटकात उभे राहिले. बाजूला तिहोमीरच्या धुराड्यातून निळा, बारीक, सरळ धूर वर जात होता. चांगल्या ओकाचा धूर तसाच जातो.

"झिवान," गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावर ते मला म्हणाले, "मी ह्याचं वाटोळं करणार. ह्याच्या घरात वर्षभर एक गोष्ट धड होऊ देणार नाही. आणि शेवटी ह्याच्या तोंडून वदवून घेणार, की हो, मी तोडला."

"आधी आपलं धुराडं साफ करा," आतून कोसाराताई म्हणाली. ती माझी थोरली बहीण.

सूड घ्यायचा म्हटलं तर मार्ग बरेच असतात, पण त्या वर्षी दाजींना एकही पसंत पडेना. कोर्टात त्यांच्या आजोबांनी लावलेला एक दावा अजून चालू होता, दुसऱ्याला जागा नव्हती. तिहोमीरच्या कुत्र्याला काही करावं तर कुत्रं दाजींचं लाडकं. मारामारी करावी तर दोघांचेही गुडघे कामातून गेलेले. उन्हाळा असाच गेला. दाजी बांधावरच्या बुंध्यावर बसून शेजाऱ्याच्या घराकडे बघायचे. माणूस टीव्ही बघतो तसे, रोज, त्याच वेळी. मध्यंतरी रास्तकोचा फोन आला, की ह्या नाताळला जमेलसं दिसत नाही, उल्रिके म्हणते बाळाची छाती नाजूक आहे. त्या दिवशी दाजी बुंध्यावरून अंधार पडेपर्यंत उठले नाहीत, आणि उठले ते बेत घेऊनच.

"पायगुण," ते म्हणाले.

नाताळच्या सकाळी घरात पहिलं पाऊल ज्याचं पडतं, त्याच्या पायगुणावर घराचं वर्ष जातं. तो पाहुणा येतो, शेकोटीतल्या बाद्न्याकवर सळईनं हाणतो, आणि जेवढ्या ठिणग्या उडतील तेवढी मेंढरं, तेवढी वासरं, तेवढी सुखं मागतो. वर्ष चांगलं गेलं तर पुढच्या साली त्यालाच बोलावतात; वाईट गेलं तर माणूस बदलतात. तिहोमीरकडे वर्षानुवर्षं त्याचा धर्मबंधू, म्हणजे मानलेला भाऊ, स्रेतेन येत असे, वरच्या वाडीहून, डुकरांना घालून झाल्यावर, सावकाश.

"पण तुम्हाला बोलवायला तर पाहिजे," मी म्हणालो.

"कोण म्हणतं? पहिला आला तो पहिला. आणि पहिल्याला दारातून परत लावता येत नाही. लावला तर वर्ष गेलं. तिहोमीर देवाला भीत नसेल, पायगुणाला भितो."

"मग जाऊन करणार काय?"

"ठिणग्या पाडणार. तोंडानं म्हणणार, जेवढ्या ठिणग्या तेवढी मेंढरं. मनात म्हणणार, तेवढ्या नोटिसा. तेवढी गळकी कौलं. तेवढ्या दाढदुख्या." त्यांचा चेहरा मऊ झाला होता. रास्तकोच्या लग्नातही मी त्यांना असं पाहिलं नव्हतं.

आणि मग हिवाळ्याच्या तोंडावर अडचण निघाली. तिहोमीरनं त्या वर्षी सगळी थप्पी पॉप्लर आणि विलोची लावली, तीही ओली. दाजी कुंपणाशी उभे राहून ती बघत होते, डॉक्टर क्ष-किरणाचा फोटो बघतात तशी.

"ह्यात ठिणग्या पडायच्या नाहीत," ते म्हणाले. "पॉप्लर आधी कागदासारखं जळतं, मग कापसासारखं विझतं. ह्याच्यावर ठेवलेला ओक काळा होऊन पडेल नुसता. सळई मारली की फुस्स. एका शापाला एक ठिणगी लागते, झिवान. ह्या जळणावर मी फार तर त्याचा एखादा दात पाडीन."

"मग?"

"मग काय. ह्याला चांगलं जळण द्यावं लागणार."

तेव्हापासून रोज दिवेलागणीच्या सुमारास, तिहोमीर दुकानाकडे गेला की, दाजी आपल्या थप्पीपाशी जायचे आणि लाकूड निवडायचे. ते निवडणं बघण्यासारखं होतं. दोन ढलपे घेऊन एकमेकांवर आपटायचे. टणकन आवाज आला तर वाळलेलं. ठप्प आला तर मागे. मग कापलेल्या तोंडावरच्या चिरा बघायच्या, मधून बाहेर सूर्यासारख्या फाकलेल्या हव्यात. मग साल नखानं उचकटायची, सुटली पाहिजे. मग वास. मग हातात तोलून बघायचं, कारण वाळलेलं बीच दिसतं त्याहून हलकं आणि जळतं त्याहून जड असतं, असं ते म्हणत. मला हे कधी कळलं नाही. जे सगळ्यात उतरलं ते कुंपणावरून मी पलीकडे द्यायचं, आणि दाजी पलीकडे उतरून तिहोमीरच्या थप्पीत, पॉप्लर मागे ढकलून, पुढे लावायचे. लावायचे तेही नीट, साल वर. वाईट लावणं त्यांना जमत नव्हतं. वर पाइनच्या मुळांचे तेलकट तुकडे. "हे तडतडतात," ते म्हणायचे आणि एकेक तुकडा नाकाशी धरून मगच खोचायचे.

दाजींनी स्वतःसाठी जे लाकूड कधी जाळलं नव्हतं ते असं चाललं होतं. त्यांच्या थप्पीला खिंडार पडलं. लोक तिथून जाताना आवाज खाली आणू लागले. एकदा तर पोस्टमननं ताईला हळूच विचारलं, "ओब्राददादांची तब्येत बरी आहे ना?" दाजींनी ते ऐकलं. त्या रात्री ते जेवले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी ओक निवडायला घेतला.

तिकडे दुकानात तिहोमीरनं जाहीर केलं, "माझं जळण वाढतंय."

"वाढतंय म्हणजे?"

"काढतो तेवढं भरून येतं. आणि पॉप्लरचं बीच होतंय."

"किती घेतलीस?" दुकानदारानं विचारलं.

"दोनच. येऊन बघा."

लोक बघून आले. थप्पी निर्विवाद बीचची होती. पाद्रीबाबा आले, त्यांनी दोन ढलपे एकमेकांवर आपटले, टणकन आवाज आला, त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली. तिहोमीरची बायको यागोदा, जी फारशी बोलत नाही, एवढंच म्हणाली, "देव असेल. उंदीर तर लाकडं आणत नाहीत." त्या आठवड्यात तिहोमीर चर्चमध्ये पुढच्या रांगेत उभा राहिला. दाजी मागच्या रांगेतून त्याच्या मानेकडे बघत होते.

नाताळची सकाळ. अजून उजाडलं नव्हतं, बर्फ पायाखाली करकरत होता. दाजींनी लग्नातला कोट घातला होता.

"तू माझ्या मागून ये," त्यांनी मला बजावलं. "साक्षीला. पण उंबरठ्यावर माझ्या आधी पाऊल टाकलंस तर तंगडी मोडीन."

दार तिहोमीरनं उघडलं. अंगात मेंढीच्या कातड्याची बंडी, खाली लांब चड्डी. त्याची नजर आमच्यावरून पलीकडे रस्त्याकडे गेली. स्रेतेन कुठे दिसत नव्हता.

"ख्रिस्त जन्मला," दाजी म्हणाले.

ह्याला उत्तर द्यावंच लागतं. "खरंच जन्मला," तिहोमीर म्हणाला, वीजबिल आलं आहे असं सांगावं तशा आवाजात.

दाजींनी डावा पाय आत टाकला. मुद्दाम, नीट टेकवून, वजन देऊन. यागोदावहिनींनी मागून मूठभर गहू अंगावर फेकले, रीतीपेक्षा जरा जोरात. शेकोटी लालबुंद होती. तिहोमीरचा बाद्न्याक आमच्या बीचवर रात्रभर पोसला होता आणि टोकापासून बुडापर्यंत निखारा झाला होता. दाजींनी सळई उचलली. वर्षभर ज्यासाठी झुरावं ते समोर आल्यावर माणूस क्षणभर थांबतो तसे थांबले, आणि हाणली.

मी आयुष्यात इतक्या ठिणग्या पाहिल्या नाहीत. लोहाराच्या भट्टीवर छत पडावं तसं झालं. पाइनची मुळं तडतडली, ठिणग्या धुराड्यात घुसल्या, काही बाहेर आल्या, एक सतरंजीवर पडली आणि तिहोमीरनं ती अनवाणी पायानं विझवली. दाजी हाणत होते. तोंडानं "तेवढी मेंढरं, तेवढी वासरं, तेवढं आरोग्य" चाललं होतं, आणि प्रत्येक घावानंतर ते डोळे मिटून ओठ हलवत होते, बराच वेळ. घाम सुटला होता.

"बघा हो," यागोदावहिनी डोक्यावरच्या रुमालाच्या टोकानं डोळे टिपत नवऱ्याला म्हणाल्या. "आपल्यासाठी इतक्या मनापासून आजवर कुणी मागितलं नाही. स्रेतेन दोनदा टोचायचा आणि प्यायला बसायचा."

तिहोमीरला संशय होता, पण ठिणग्या त्यालाही दिसत होत्या.

पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं. पाहुण्याला तिवईवर बसवून जाड घोंगडीत गुंडाळतात, म्हणजे वर्षभर दुधावर साय जाड येते. दाजींना हनुवटीपर्यंत गुंडाळलं. मग त्याच्या बुडाखालची तिवई ओढतात, म्हणजे घराचं सुख घरात बसतं. ते काम घरधन्याचं. तिहोमीरनं ते इतक्या आस्थेनं केलं की दाजी घोंगडीसकट पालथे झाले आणि त्यांना सरळ करायला आम्ही दोघं लागलो. मग त्यांना भाजलेलं डुकराचं मांस, सायीचं लोणी आणि आलुबुखाराची दारू दिली, घासागणिक, कारण हात घोंगडीत होते. भरवत होता तिहोमीर. दोघंही एकमेकांच्या डोळ्यांत बघत होते आणि कुणीच पापणी हलवत नव्हतं. निघताना यागोदावहिनींनी स्वतः विणलेले मोजे दिले.

"मोजे बरे आहेत," रस्त्यात दाजी म्हणाले. मग थोडं चालून, "वर्ष भरायला येईल तेव्हा बघ."

वर्ष असं गेलं. मार्चमध्ये तिहोमीरच्या गायीला जुळं झालं. मे महिन्यात रस्त्याचं डांबरीकरण आलं, तिहोमीरच्या फाटकापर्यंत पोचलं आणि तिथेच डांबर संपलं. जूनमध्ये गारा पडल्या. दाजींची रासबेरी झोडपली आणि बांधाशी थांबल्या. पलीकडे तिहोमीरची रासबेरी उभी होती आणि बाजारात माल कमी म्हणून भाव चढला होता. त्याची मुलगी ल्युबिंका, जिच्यासाठी मुलं बघणं लोकांनी कधीच सोडलं होतं, तिला गुरांच्या डॉक्टरनं स्वतःहून मागणी घातली. डॉक्टर जुळं बघायला आला होता. तिहोमीरचा गुडघा दुखायचा थांबला.

"हे आधीचं आहे," प्रत्येक वेळी दाजी म्हणायचे. "आधीचं शिल्लक येतंय. शाप उशिरा लागतो."

"दाजी, सगळ्या ठिणग्या मोजून मेंढरांकडेच गेल्या वाटतं."

"मी मनात मेंढरं म्हटलंच नव्हतं," ते म्हणाले, आणि तो शब्द उच्चारल्यावर जरा घाबरले. सप्टेंबरात तिहोमीरनं मेंढरं घेतली.

एकच वाईट गोष्ट झाली. आपलं पहिलं पाऊल चुकलं म्हणून धर्मबंधू स्रेतेन रुसला आणि त्यानं तिहोमीरशी बोलणं टाकलं. तिहोमीर तीही वर्षाच्या चांगल्या गोष्टींत धरत होता.

डिसेंबरात तो दाजींच्या दाराशी आला. दाढी केलेली, टोपी हातात, बगलेत बाटली. बसला. ताईनं पेले ठेवले.

"शेजारी," तो म्हणाला, "आपलं काय असेल ते असो. ह्या नाताळला पहिलं पाऊल तुझंच पाहिजे. रीत आहे."

दाजींनी त्याच्याकडे नीट पाहिलं. दोन वर्षं ज्याच्या मानेकडे बघितलं तो समोर बसून मागत होता. असा प्रसंग माणसाच्या आयुष्यात एकदाच येतो.

"आधी सांग," ते अगदी हळू म्हणाले. "माझा ओक कुणी तोडला?"

"मी," तिहोमीर म्हणाला.

खोलीत काही झालं नाही. ताईनं पाव कापायला घेतला.

"परत सांग."

"मी तोडला. आदल्या दिवशीच बघून ठेवला होता. सरळ होता."

"माझा आहे हे ठाऊक होतं?"

"सगळ्या गावाला ठाऊक होतं. तूच सांगत फिरत होतास."

"माफी माग."

"मागतो. हवं तर चर्चबाहेर मागतो, रविवारी, सगळे असताना. दर वर्षी मागीन. तू येतोस ना?"

ज्या वाक्यासाठी दाजींनी थप्पी रिकामी केली होती ते वाक्य टेबलावर पडलं होतं, पावाच्या भुग्याशेजारी, आणि त्यांना ते उचलावंसं वाटत नव्हतं. तिहोमीरला ते सांगताना लाज वाटली नव्हती, त्रास झाला नव्हता, घोटभर दारूही लागली नव्हती. पावती फाडावी तसं त्यानं ते दिलं होतं.

"मला हे असं नको होतं," दाजी म्हणाले.

"मग कसं? सांग, तसं म्हणतो."

"जा तुम्ही," कोसाराताई म्हणाली. "नाही म्हणालात तर आपलंच वर्ष जाईल. आणि गेल्या नाताळला आपल्या घरात पहिलं पाऊल कुणाचं पडलं ठाऊक आहे? तुमचंच. त्यांच्याकडून परत आलात ते. डाव्या पायानं, तोंडात शिव्या घेऊन."

हे दाजींच्या ध्यानात आलं नव्हतं. ते बराच वेळ आपल्या पायाकडे बघत बसले.

"आणि पोराला बोलाव," बाटली ताईकडे सरकवत तिहोमीर म्हणाला. "बाळाला धुराचा त्रास होतो म्हणे. माझ्याकडे बसवा की. माझी शेकोटी ओढते चांगली."

रास्तको आला. उल्रिके तिहोमीरच्या शेकोटीपुढे बसली, तिनं कोट काढला, आणि बाळ, जे आता चालत होतं, ते दगडी कठड्याला धरून उभं राहिलं आणि आगीकडे बघून हसलं. आत दाजींचं बीच जळत होतं. त्या सालीही ते कुंपणावरून गेलं होतं, कारण शापाला ठिणग्या लागतातच. दाजींनी सळई उचलली आणि असं हाणलं की नात टाळ्या वाजवायला लागली.

"काय मागितलंत ह्या वेळी?" बाहेर आल्यावर मी विचारलं.

"आग लागो त्याच्या छपराला, असं म्हणालो," दाजी म्हणाले. "मग बाळ आत बसलंय हे लक्षात आलं. मग ते मागे घेतलं. मग पुन्हा म्हणालो, पण पुढच्या तारखेचं."

तेव्हापासून दर नाताळला दाजी जातात. आता त्यांचा जम बसला आहे. शरद लागला की वर्षभरातले शाप मनात जुळवायला बसतात. तिहोमीरला दोन नातवंडं झाली, ट्रॅक्टर आला, डॉक्टरांनी त्याला दारू चालेल म्हणून सांगितलं. दाजी हरले नाहीत. दर साली बीच आणखी वाळलेलं, मुळं आणखी तेलकट, घाव आणखी जोराचा. मोठ्या सुडाला वेळ लागतो, ते म्हणतात, आणि ओकही काही एका वर्षात वाढत नाही.

ह्या नाताळला आम्ही गेलो तेव्हा तिहोमीरनं दगडी शेकोटीच्या तोंडात पेलेटची, म्हणजे भुशाच्या दाबलेल्या गोळ्यांवर चालणारी, शेगडी बसवून घेतली होती. जावयानं दिली. ती बटणावर पेटते, पुढे काच असते आणि ती चालू असताना काचेचं दार उघडत नाही, म्हणजे सळईला वाट नाही.